गोल्डफिश आणि सामन : ऑस्ट्रेलियातील शीतजल शोभिवंत माशांवरील आयात-निर्बंधांचा इतिहास (१९७४ ते २०००)

प्रस्तावना

दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत फिरणारा गोल्डफिश हा दोन राष्ट्रांमधील व्यापारी तंट्यात निर्णायक ठरू शकेल, अशी कल्पना सहसा कोणी करणार नाही. तथापि १९९८ साली जागतिक व्यापार संघटनेच्या अपिलीय मंडळाने कॅनडा विरुद्ध ऑस्ट्रेलिया या प्रकरणात जो निर्णय दिला, त्यात जिवंत शोभिवंत माशांच्या आयातीला मध्यवर्ती स्थान होते. वाद वस्तुतः सामन या खाद्यमाशाचा होता. परंतु सामनवर बंदी घालणारा देश जिवंत शोभिवंत मासे मात्र सौम्य अटींवर देशात येऊ देतो, ही विसंगती ऑस्ट्रेलियाला महागात पडली.

प्रस्तुत लेखात या विसंगतीचा उगम, तिची न्यायिक चिकित्सा आणि तिच्या निराकरणानंतर उरलेले प्रश्न यांचा कालक्रमाने विचार केला आहे. रोगप्रतिबंधासाठी घातलेले निर्बंध हे शुद्ध शास्त्रीय निकषांवर उभे असतात, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. रोग कोणत्या मार्गाने येतो यापेक्षा रोगामुळे कोणाचे नुकसान होईल, या विचाराने निर्बंधांची तीव्रता दीर्घकाळ ठरत आली. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण हे या विधानाचे सर्वांत स्पष्ट प्रत्यंतर होय.

शीतजल मासे : व्यापाराची संज्ञा आणि रोगाचा प्रश्न

शोभिवंत माशांच्या व्यापारात 'उष्ण कटिबंधीय' व 'शीतजल' असे दोन ढोबळ वर्ग केले जातात. पहिल्या वर्गातील माशांसाठी थंड देशांमध्ये टाकीतील पाणी तापवावे लागते. दुसऱ्या वर्गातील माशांना त्याची गरज नसते. गोल्डफिश व कोई हे या दुसऱ्या वर्गाचे प्रमुख प्रतिनिधी. दोहोंचा समावेश कार्प कुळात होतो. गोल्डफिशची पैदास चीनमध्ये अनेक शतकांपूर्वी सुरू झाली, तर रंगीत कोईची पैदास प्रामुख्याने जपानमध्ये विकसित झाली.

हा भेद वरकरणी केवळ टाकीच्या तापमानाचा वाटतो. परंतु रोगप्रतिबंधाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मासा इंग्लंडच्या नदीत सोडला, तर तो पहिल्याच हिवाळ्यात मरण्याची शक्यता अधिक असते. गोल्डफिश मात्र बर्फाळ पाण्यापासून उबदार तळ्यापर्यंत सर्वत्र तग धरतो. त्याच्या अंगावरील जिवाणू, विषाणू व परजीवीही समशीतोष्ण पाण्याला सरावलेले असतात. त्यामुळे तो टाकीतून नदीत पोहोचला, तर त्याच्याबरोबर त्याचे रोगही नदीत पोहोचतात व तेथील माशांमध्ये पसरू शकतात. ब्रिटनने १९३७ साली केलेल्या मत्स्यरोग कायद्यात जिवंत सामन-कुलीन माशांच्या आयातीस मनाई करण्यात आली आणि गोड्या पाण्यातील अन्य जिवंत माशांसाठी परवान्याची अट घालण्यात आली. त्या कायद्याची प्रेरणाही नद्यांतील सामन व ट्राउट यांना ग्रासणाऱ्या फुरंक्युलोसिस या जिवाणुजन्य रोगातून आली होती. म्हणजे नदीतील मौल्यवान माशाच्या रक्षणातून परदेशी माशांवरील नियंत्रणाचा विचार पुढे आला, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

१९७४ : व्रणरोगाचा प्रवेश

ऑस्ट्रेलिया खंड भौगोलिक दृष्ट्या अलग असल्यामुळे युरोप व उत्तर अमेरिकेत आढळणारे अनेक मत्स्यरोग तेथे नव्हते. फुरंक्युलोसिस हा त्यांपैकी एक. हा रोग 'एरोमोनास सालमोनिसिडा' या जिवाणूमुळे होतो. या जिवाणूचे काही असामान्य प्रकारही आहेत. ते सामनखेरीज इतर माशांमध्ये, विशेषतः गोल्डफिश व कार्प यांच्यामध्ये, त्वचेवर व्रण निर्माण करतात.

१९७४ साली व्हिक्टोरिया राज्यातील गोल्डफिशच्या एका पैदास केंद्रात असा व्रणरोग प्रकट झाला. जपानमधून आयात केलेल्या गोल्डफिशबरोबर तो आला, असा निष्कर्ष पुढील संशोधनातून निघाला. रोगाची लक्षणे साधी, परंतु परिणाम गंभीर होते. प्रथम खवल्यांच्या जागी एखादा पांढुरका वा लालसर ठिपका दिसतो. त्वचा झडून तेथे उघडी जखम होते व ती स्नायूंपर्यंत खोल जाते. गोड्या पाण्यातील माशाची त्वचा बाहेरचे पाणी शरीरात शिरू न देण्याचे काम करीत असते. ती फाटली की शरीरातील क्षारांचे संतुलन ढळते, दुय्यम जिवाणूंचा शिरकाव होतो आणि मासा दगावतो. जे मासे वाचतात, त्यांच्यातील काही रोगवाहक बनतात. बाहेरून निरोगी दिसणारा असा मासा विकला जातो, दुसऱ्या तळ्यात सोडला जातो आणि रोग पुढे सरकतो.

नेमके हेच घडले. व्हिक्टोरियातून हा रोग आग्नेय ऑस्ट्रेलियातील अन्य भागांत पसरला. १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांतून आणखी एक चिंताजनक बाब पुढे आली. गोल्डफिशमधील हा जिवाणू अटलांटिक सामन व ट्राउट या माशांनाही बाधक ठरू शकतो, असे आढळले. याच काळात टास्मानिया बेटावर सामन-पालनाचा नवा उद्योग आकार घेत होता. अशा प्रकारे शोभिवंत माशाचा रोग हा खाद्यमाशांच्या उद्योगाचाही प्रश्न बनला.

१९७५ : बंदी कशावर आली ?

या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी १९७५ मधील घटना विशेष लक्षणीय ठरते. त्या महिन्यात ऑस्ट्रेलियाने एका क्वारंटाइन उद्घोषणेद्वारे न शिजवलेल्या सामन-कुलीन माशांच्या आयातीवर बंदी घातली. या बंदीत मृत, ताजे, थंड केलेले व गोठवलेले मासे येत होते. ज्या रोगांची भीती होती ते ऑस्ट्रेलियात नव्हते आणि आयात केलेल्या सामनच्या मांसातून ते तेथे आल्याचा पुरावाही नव्हता. शक्यता होती आणि तिची दखल घेणे अयोग्य नव्हते. परंतु केवळ एक वर्षापूर्वी जिवंत गोल्डफिशमार्फत रोग देशात आल्याचे उदाहरण समोर असताना, गोल्डफिशची आयात मात्र चालूच राहिली.

याचा अर्थ शोभिवंत माशांवर काहीच नियंत्रण नव्हते असे नाही. आयात करता येईल अशा जातींची यादी होती. निर्यातदार देशाचे आरोग्य-प्रमाणपत्र व आगमनानंतरचे विलगीकरण यांच्या तरतुदी होत्या. कोई ज्या जातीचा आहे, त्या कार्पला या यादीत स्थान नव्हते. कारण कार्प हा तेथील नद्यांत उपद्रवी ठरला होता. गोल्डफिशला मात्र परवानगी होती. मृत सामनला सरसकट बंदी आणि जिवंत गोल्डफिशला सशर्त प्रवेश, असे हे चित्र होते.

रोगशास्त्राच्या दृष्टीने जिवंत मासा हा मृत माशापेक्षा अधिक धोकादायक मार्ग होय. मृत, आतडी काढलेल्या माशात जिवाणूंची संख्या घटते. तो बहुधा स्वयंपाकघरात जातो आणि त्याचे अवशेष पाण्यापर्यंत पोहोचण्यास अनेक पायऱ्या ओलांडाव्या लागतात. जिवंत मासा स्वतःच रोगजंतूंची जोपासना करतो, ते पाण्यात सोडतो आणि मालकाला कंटाळा आला की जवळच्या ओढ्यात वा तळ्यात सोडला जातो. मग बंदी मृत सामनवर का ? याचे उत्तर रोगशास्त्रात नसून अर्थकारणात आहे. सामन व ट्राउट यांच्याशी मासेमारी, पर्यटन आणि पुढे मत्स्यपालन यांचे हितसंबंध जोडलेले होते. शिवाय परदेशी सामन हा स्थानिक सामनचा बाजारातील स्पर्धक होता. गोल्डफिशचा स्पर्धक म्हणून विचार करण्याचे कोणाला कारण नव्हते. त्याच्या आयातीत आयातदार, दुकानदार व छांदिष्ट अशा असंख्य लहान ग्राहकांचे हित गुंतलेले होते.

१९९५ ते १९९८ : कॅनडाचा आक्षेप

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्याबरोबर मानव, प्राणी व वनस्पती यांच्या आरोग्यरक्षणाच्या उपायांविषयीचा करार लागू झाला. या कराराने प्रत्येक राष्ट्राला आपल्या संरक्षणाची पातळी ठरविण्याचा अधिकार दिला. मात्र त्याबरोबर काही बंधनेही घातली. निर्बंध हा जोखीम-मूल्यमापनावर आधारलेला असावा, हे पहिले बंधन. दुसरे बंधन कराराच्या पाचव्या अनुच्छेदाच्या पाचव्या परिच्छेदात आहे. तुलनीय परिस्थितींमध्ये संरक्षणाच्या पातळ्यांत मनमानी भेद करून व्यापारात भेदभाव वा छुपा अडथळा निर्माण करू नये, असा त्याचा आशय आहे.

त्याच वर्षी कॅनडाने ऑस्ट्रेलियाच्या सामन-बंदीविरुद्ध सल्लामसलतीची मागणी केली. ऑस्ट्रेलियाच्या क्वारंटाइन यंत्रणेने १९९५ मध्ये तयार केलेल्या मसुदा अहवालात काही अटींवर आयातीस परवानगी देण्याची शिफारस होती. परंतु १९९६ च्या अंतिम अहवालात ही भूमिका पालटली व बंदी कायम ठेवण्यात आली. प्रकरण तंटा-निवारण समितीपुढे गेले. तिचा अहवाल जून १९९८ मध्ये व अपिलीय मंडळाचा अहवाल २० ऑक्टोबर १९९८ रोजी प्रसिद्ध झाला.

कॅनडाच्या युक्तिवादातील सर्वांत प्रभावी भाग तुलनेचा होता. ऑस्ट्रेलियात आमिष म्हणून वापरण्यासाठी संपूर्ण गोठवलेले हेरिंग मासे आणि जिवंत शोभिवंत मासे यांची आयात होत होती. आमिष तर थेट पाण्यातच टाकले जाते. या दोन्ही मार्गांची जोखीम सामनइतकी, किंबहुना तिच्याहून अधिक असू शकते, असे समितीला आढळले. अपिलीय मंडळाने समितीच्या अहवालातील काही मुद्दे बदलले, तरी हा निष्कर्ष मात्र कायम ठेवला. समान वा अधिक जोखमीच्या गोष्टींना प्रवेश आणि कमी जोखमीच्या गोष्टीला बंदी, हा भेद समर्थनीय नाही. १९९६ चा अहवाल हे योग्य जोखीम-मूल्यमापन नाही. मसुदा व अंतिम अहवाल यांतील अचानक बदलाचे समाधानकारक स्पष्टीकरण नाही. आणि देशांतर्गत सामन-वाहतुकीवर तुल्यबळ नियंत्रण नाही. या सर्व गोष्टी एकत्र घेता बंदी हा व्यापारातील छुपा अडथळा ठरतो, असा मंडळाच्या निर्णयाचा मथितार्थ होता.

या वादाला एक उपरोधिक किनारही आहे. टास्मानियातील अटलांटिक सामनचे मूळ हे १९६० च्या दशकात कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातून न्यू साउथ वेल्समध्ये आणलेल्या अंड्यांत होते. ज्या देशाच्या अंड्यांतून उद्योग उभा राहिला, त्याच देशाच्या गोठवलेल्या मांसापासून त्या उद्योगाचे रक्षण करण्याची भाषा आता केली जात होती.

१९९९ : नवे धोरण

विसंगती दूर करण्याचे दोन मार्ग ऑस्ट्रेलियापुढे होते. सामनवरील निर्बंध सैल करणे हा एक, आणि शोभिवंत मासे व आमिष यांवरील निर्बंध कडक करणे हा दुसरा. ऑस्ट्रेलियाने दोन्ही अंशतः स्वीकारले. जुलै १९९९ मध्ये सामन व अन्य सागरी मासे यांचे एक, तर जिवंत शोभिवंत माशांचे दुसरे आयात-जोखीम विश्लेषण प्रसिद्ध झाले. सामनला कडक अटींवर प्रवेश मिळाला. शोभिवंत माशांसाठी प्रथमच रोगनिहाय तपशीलवार विचार झाला.

या नव्या धोरणाचे वैशिष्ट्य म्हणजे सर्व शोभिवंत माशांना एकाच मापाने मोजण्याची पद्धत सोडून देण्यात आली. गोल्डफिशसाठी किमान तीन आठवडे, गुरामी व सिक्लिड गटांसाठी दोन आठवडे व इतरांसाठी एक आठवडा असा विलगीकरणाचा कालावधी ठरला. गोल्डफिशला सर्वाधिक कालावधी मिळाला, यात १९७४ च्या अनुभवाची उशिरा का होईना घेतलेली दखल दिसते. याशिवाय मासे ज्या केंद्रातून येतात, ते केंद्र गोल्डफिशचा व्रणरोग व कार्प माशांचा वसंतकालीन विषाणुजन्य रोग यांपासून मुक्त असल्याची ग्वाही आणि परजीवींवरील पूर्वोपचार यांचीही अपेक्षा ठेवण्यात आली.

फेब्रुवारी २००० मध्ये अनुपालनाची तपासणी करणाऱ्या समितीने सामनविषयक काही अटी व टास्मानिया राज्याने स्वतंत्रपणे घातलेली बंदी यांबाबत ऑस्ट्रेलियाला दोषी ठरविले. शोभिवंत माशांच्या तुलनेवर आधारलेला भेदभावाचा आक्षेप मात्र या वेळी टिकला नाही. मे २००० मध्ये उभय राष्ट्रांत समझोता झाला.

येथे एक विरोधाभास नोंदविणे आवश्यक आहे. मुक्त व्यापाराच्या करारांमुळे राष्ट्रांची आरोग्यरक्षणाची कवचे दुबळी होतील, अशी टीका त्या काळी सर्वत्र होत होती व ती निराधार नव्हती. परंतु गोल्डफिशच्या बाबतीत घडले ते उलट. देशातील शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांनी जे पंचवीस वर्षांत साधले नाही, ते परदेशी व्यापारी हिताने दाखल केलेल्या तक्रारीने साधले.

सुसंगती म्हणजे सुरक्षितता नव्हे

तरीही १९९९ चे धोरण हा या इतिहासाचा सुखान्त मानता येणार नाही. २००३ साली व्हिक्टोरियातील एका मत्स्यपालन केंद्रात मरे कॉड या देशी माशाच्या पिलांमध्ये मोठी मरतूक झाली. तिला कारणीभूत असलेल्या विषाणूचे आयात केलेल्या बुटक्या गुरामी माशांतील विषाणूशी अत्यंत निकटचे साम्य असल्याचे पुढे आढळून आले. गुरामी हा उष्ण कटिबंधीय मासा, तर मरे कॉड समशीतोष्ण नद्यांतील. म्हणजे मासा थंड पाण्यात टिकत नसला, तरी त्याचा विषाणू दुसऱ्या यजमानात टिकू शकतो. 'शीतजल' व 'उष्ण कटिबंधीय' या जुन्या सीमारेषेवर विसंबून राहण्यातील धोका यातून स्पष्ट झाला. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्डफिशमध्ये रक्तनिर्मिती करणाऱ्या ऊतींचा नाश करणाऱ्या हर्पिस विषाणूची नोंदही प्रसिद्ध झाली.

विलगीकरणाची मूळ मर्यादा येथेच आहे. तीन आठवडे मासा टाकीत ठेवला आणि तो मेला नाही, याचा अर्थ तो रोगमुक्त आहे असा होत नाही. हर्पिस गटातील विषाणू माशाच्या शरीरात सुप्तावस्थेत राहतात व अनुकूल तापमान येताच सक्रिय होतात. कोईवरील हर्पिस विषाणूने याचा प्रत्यय जगभर आणून दिला. हा रोग १९९८ मध्ये इस्राएल व अमेरिकेत लक्षात आला. २००३ च्या शरद ऋतूत जपानमधील कासुमिगाउरा सरोवरातील खाद्य-कार्पच्या पालन-व्यवसायाला त्याने जबर तडाखा दिला. हा विषाणू साधारणतः १६ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात घातक ठरतो. त्याहून थंड पाण्यातील बाधित मासा पाहणाऱ्याला निरोगीच वाटतो. त्यामुळे केवळ डोळ्यांनी केलेल्या तपासणीवरचे प्रमाणपत्र अपुरे पडते. अमेरिकेनेही वसंतकालीन विषाणुजन्य रोग २००२ मध्ये आपल्या देशात आढळल्यानंतर २००६ मध्ये कोई, गोल्डफिश व अन्य ग्रहणक्षम जातींच्या आयातीसाठी परवाना व आरोग्य-प्रमाणपत्राची सक्ती केली. आधी रोग व मागाहून नियम, हाच क्रम तेथेही दिसतो.

भारतीय संदर्भ

या इतिहासाचा आपल्याशी असलेला संबंध दुहेरी आहे. पहिला कायद्याचा. अमेरिकेतील कुक्कुट उत्पादनांवर बर्ड फ्लूच्या कारणाने भारताने घातलेले निर्बंध २०१५ साली याच कराराखाली अपिलीय मंडळात टिकले नाहीत. ते आंतरराष्ट्रीय मानकांना वा जोखीम-मूल्यमापनाला धरून नाहीत, हा त्यातील प्रमुख आक्षेप होता. सामन-प्रकरणाचा धडा सतरा वर्षांनी आपल्यालाही गिरवावा लागला. रोगाची भीती खरी असली, तरी ती कागदावर शास्त्रीय रीतीने मांडलेली नसेल, तर बंदी टिकत नाही.

दुसरा संबंध निसर्गाचा. 'शीतजल' हा निकष थंड देशांच्या हवामानातून आलेला आहे. तेथील हिवाळा हाच उष्ण कटिबंधीय माशांविरुद्धचा नैसर्गिक पहारेकरी. आपल्याकडे असा पहारेकरी नाही. गोल्डफिश आपल्या पाण्यात जगतो आणि त्यांना 'उष्ण कटिबंधीय' वाटणारे बहुतेक मासेही जगतात. भारतातील शोभिवंत मत्स्यपालन केंद्रांत गोल्डफिशवरील हर्पिस विषाणूची नोंद २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. १९८८ साली ईशान्य भारतात शिरलेल्या व्रणरोगाने मरळसारख्या माशांची जी हानी केली आणि गोड्या पाण्यातील लहान मच्छीमारांच्या उपजीविकेवर जो आघात केला, त्याची आठवण ठेवली, तर जलरोगाची किंमत कोण मोजतो हे वेगळे सांगावे लागत नाही. तो रोग शोभिवंत माशांबरोबर आला असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु पाण्यात पसरलेला रोग परत बोलावता येत नाही, एवढे त्यावरून निश्चित होते. म्हणून परदेशी नियमांची नक्कल न करता आपल्या पाण्याच्या तापमानाला व आपल्या देशी जातींना अनुलक्षून जोखीम-मूल्यमापन करणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

ऑस्ट्रेलियातील १९७४ ते २००० या कालखंडाच्या आढाव्यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, आयात-निर्बंधांची तीव्रता ही रोगमार्गाच्या धोक्यापेक्षा संरक्षित उद्योगाच्या महत्त्वावरून ठरत गेली. दोन, ही विसंगती देशांतर्गत विवेकाने नव्हे, तर आंतरराष्ट्रीय तंट्याने उघड केली व तिच्या निराकरणातून शोभिवंत माशांचे नियमन अधिक शास्त्रशुद्ध झाले. तीन, नियम सुसंगत झाले तरी सुप्त संसर्ग व नवे विषाणू यांच्यापुढे त्यांची मर्यादा कायम राहिली.

गोल्डफिश हा शोभेचा मासा म्हणून दुर्लक्षिला गेला आणि सामन हा मोलाचा मासा म्हणून जपला गेला. रोगजंतूंना मात्र हा भेद ठाऊक नव्हता. माणसाने केलेले मोलाचे वर्गीकरण व निसर्गातील धोक्याचे वर्गीकरण यांतील हे अंतर ओळखणे, हेच रोगप्रतिबंधक धोरणाचे पहिले कर्तव्य होय.